दोन दारांमधला वेळ

छोटीचा माऊस चालायला लागला की मागच्या कोचावर बसलेली माणसं खिशातून फोन काढायची. तोंडावर कुणी काही बोलत नसे. एक जाहिरातवाला मात्र एकदा अगदी प्रेमाने म्हणाला होता, "ताई, तुमची कापाकापी चालू द्या, तोवर आम्ही जेवून येतो." आणि खरोखरच जेवून आला. परत आला तेव्हा छोटी एका मेनूच्या पोटातल्या दुसऱ्या मेनूत अडकून बसली होती.

छोटी हे तिचं घरातलं नाव. पंचावन्नी उलटली, लेक कमावती झाली, गुडघे बोलायला लागले, तरी थोरल्या भावाने ते नाव सोडलं नाही, म्हणून आपणही तेच धरू. बाहेर ती रेकॉर्डिंगवाली ताई होती. घराच्या तळमजल्यावर दोन खोल्यांचा तिचा स्टुडिओ. आतल्या खोलीत माईक आणि विजेवर चालणारा पियानो, बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटर, मध्ये जाड काच. एका खोलीतला आवाज दुसरीत जाऊ नये म्हणून मध्ये एकामागे एक अशी दोन जड दारं. पहिलं ओढून लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, असा तिचा सक्त नियम.

कान विचाराल तर छोटीच्या कानाला तोड नव्हती. छतावरच्या ट्यूबची घरघर गाणाऱ्याच्या आधी तिला ऐकू यायची. पण अर्धं आयुष्य टेपच्या मशीनवर काढलेलं. कॉम्प्युटर आला तो सासूसारखा, न विचारता, कायमचा. ऐकून काय करायचं ते तिला क्षणात कळे, आणि ते करायला मात्र तिचा बाण स्क्रीनभर रांगत राही. गिऱ्हाइकं हळूहळू पुढच्या चौकातल्या पोरांकडे जायला लागली. ती पोरं बहिरी असली तरी चपळ होती.

शेवटी लेकच कावली. "आई, तू दुकानात जाऊन प्रत्येक फळी हुडकत बसतेस. अगं, नाव घेऊन माग ना, वस्तू लगेच हातात येते." तिने कीबोर्डवर रंगीत चिकटपट्ट्या लावून दिल्या. या दोन बटणांनी सगळं निवडायचं, याने कापायचं, याने चिकटवायचं. "आणि चुकलं तर कंट्रोल आणि झेड. आधी होतं तसं परत येतं. घाबरायचं काही कारणच नाही."

छोटीने मान डोलावली आणि लेकीची पाठ वळताच माऊस हातात घेतला. या वयात स्वतःच्या पोटच्या पोरीने अक्षरं गिरवायला लावावीत, याची तिला लाज वाटत होती. पुढे जे झालं त्यामानाने ही लाज म्हणजे काहीच नव्हती.

त्याच सुमारास वहिनीचा फोन आला. दादाला आदल्या वर्षी अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. जीव वाचला, वाचा परत आली, काठी टेकत चालू लागला, पण डावा हात परत आला तो उशीर करायची सवय घेऊनच. दादा पियानो वाजवणारा. नाचाच्या शाळेत इतकी वर्षं वाजवलं की तिथल्या मुलींच्या मुली त्याच्या पियानोवर नाचून गेल्या. आता उजवा हात वेळेवर पोचायचा आणि डावा मागून धापा टाकत यायचा. शाळेने दुसरा माणूस ठेवला. दादा घरात बसून वहिनीच्या प्रत्येक कामात खोट काढू लागला.

"काहीतरी वाजवायला द्या हो त्यांना," वहिनी म्हणाली. "बरं वाईट राहू दे. नाहीतर एक दिवस मीच घर सोडून जाईन."

छोटीकडे लहान मुलांच्या गोष्टींचं काम आलेलं होतं. गोष्ट सांगणारीचा आवाज झाला होता, मधेमधे पियानोचे छोटे तुकडे हवे होते. तिने दादाला बोलावलं. मनात धरलं होतं, की दोन दिवस बसवू, जे वाजवेल ते गोड मानू, मग गुपचूप कुणाकडून तरी पुन्हा वाजवून घेऊ.

दादा आला, इस्त्रीचा शर्ट घालून आला. काचेपलीकडे बसून त्याने ससा पळतो तिथला तुकडा वाजवला. या पियानोचा प्रत्येक सूर स्क्रीनवर हिरव्या कांडीसारखा उमटायचा, आणि तालाच्या मात्रांच्या उभ्या रेघा असायच्या. सूर मात्रेवर पडला की कांडी रेघेला टेकलेली. उजव्या हाताच्या कांड्या रेघांना टेकून होत्या. डाव्याच्या साऱ्या रेघ ओलांडून पलीकडे पडलेल्या. ऐकायला तर नकोच वाटत होतं. ससा लंगडत होता.

वाजवणं संपवून दादा काठी शोधत उठला. छोटीला सगळा तुकडा एका नजरेत बघायचा होता. लेकीने शिकवलेलं आठवून तिने सगळं निवडलं, आणि पुढचं बटण दाबायला गेली तेव्हा बोट घसरून शेजारच्या क्यूच्या बटणावर पडलं. स्क्रीनवरच्या सगळ्या कांड्या एकदम उड्या मारून रेघांना जाऊन चिकटल्या. शाळेत घंटा झाल्यावर मुलं ओळीत उभी राहतात तशा.

काय झालं ते छोटीला कळलं. प्रत्येक सूर ओढून मात्रेवर आणून बसवायचं ते बटण. तिचं बोट झेडकडे गेलंही होतं. तेवढ्यात दुसरं दार उघडलं, दादा येऊन तिच्या शेजारच्या खुर्चीत बसला आणि डावा तळवा पँटला पुसू लागला. निकालाच्या दिवशी शाळेच्या पायरीवर बसायचा तसा तो दिसत होता.

"लाव ना, गोगलगाय," तो म्हणाला.

छोटीने लावलं. ससा पळाला, एकदम नीट पळाला. दादा पुढे वाकला. तुकडा संपला तेव्हा त्याने आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं, मग स्क्रीनकडे, मग छोटीकडे.

"हा डावा माझा?"

"मग कुणाचा?" छोटी म्हणाली.

पुढे कित्येक दिवस ती स्वतःची समजूत घालत होती, की आपण खोटं बोललो नाही, आपण फक्त प्रश्न विचारला. माणूस स्वतःचा वकील झाला की असले मुद्दे बरोबर सुचतात. त्या दिवशी मात्र दादाचे डोळे भरून आले होते, आणि ते पाहून तिला इतकं बरं वाटलं की झेडवरचं बोट तिने उचलून घेतलं.

दुसऱ्या दिवशी दादा पुन्हा आला. आता काय करणार? काल धावलेला ससा आज लंगडला तर त्याला काय सांगायचं? म्हणून छोटीने पुन्हा तेच केलं, आणि पुढे रोज करत राहिली. फक्त ते दादा येऊन बसायच्या आत करायला हवं होतं. तो पियानोवरून उठणार, काठी घेणार, पहिलं दार ओढणार, ते लावून दुसरं ढकलणार. तेवढाच काय तो वेळ. माऊसने ते जमण्यासारखं नव्हतं.

म्हणून छोटी शिकली. जाहिरातवाल्यासाठी जे शिकली नाही, लेकीच्या चिकटपट्ट्यांनी जे शिकली नाही, ते ती या दोन दारांपायी शिकली. सकाळी चहा व्हायच्या आत ती खाली येऊन जुन्या गाण्यांवर बोटं घोटू लागली. सगळंच सरळ केलं की पियानो यंत्रासारखा वाजतो, हे तिच्या कानाने पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. दादाचा उजवा हात एखाद्या सुरावर किंचित रेंगाळायचा, त्यातच तर त्याची सगळी मजा होती. मग ती फक्त खालचे, डाव्या हाताचे सूर निवडायला शिकली. मग ते पूर्ण न ओढता थोडेसेच ओढायला शिकली, म्हणजे संशय नको. इतकी बारीक कलाकुसर तिने कधी कुणा गिऱ्हाइकासाठी केली नव्हती. पहिलं दार लागल्याचा आवाज येईपर्यंत तिची बोटं काम उरकून मांडीवर येऊन बसलेली असायची.

गिऱ्हाइकांनाही फरक कळला. जाहिरातवाला परत आला. कोचावर बसायच्या आत त्याचं काम तयार. "ताई, काय जादू केलीत? विशीतल्या पोरांना मागे टाकलंत," तो म्हणाला. छोटी गोरीमोरी झाली. कौतुक ऐकून मान खाली घालणारी बाई त्याला फार विनयशील वाटली.

एका दुपारी लेक लवकर घरी आली आणि मागे उभी राहून बघत राहिली. काचेपलीकडे मामा उठत होता, इकडे आईची बोटं नाचत होती. मामा येऊन बसला, ऐकून खूश झाला, भाचीकडे वळून म्हणाला, "बघ, तुझ्या आईला आता कुठे बोटं फुटलीत. माझी मात्र या वयात परत उगवली." लेक हसली. तो गेल्यावर मात्र तिने विचारलं,

"मामाला माहीत आहे?"

"सांगणार आहे."

"कधी?"

छोटीने हेडफोन कानाला लावले. लेक जिना चढून गेली. मी तुला हे यासाठी शिकवलं का, असं ती म्हणाली असती तर छोटीला भांडता तरी आलं असतं.

त्यानंतर वहिनी आली. नुसती भेटायला म्हणून आली आणि दारातच छोटीचा हात धरून उभी राहिली. "घरात हसू परत आलं हो तुमच्यामुळे. आता भाजी चिरतानासुद्धा शेजारी बसून गप्पा मारतात. तुमच्याकडची रेकॉर्डिंगं येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवतात." मग जरा आवाज उतरवून म्हणाली, "एकच आहे. व्यायाम सोडून दिला. फिजिओच्या बाईंनाही येऊ नका म्हणून कळवलं. तो रबरी चेंडू दाबायचा असायचा ना, तो शेजारच्या पोराला देऊन टाकला. म्हणतात, हात तर ठीक झाला, आता कशाला? झाला ना हो ठीक? तुम्हाला कळतं त्यातलं."

आत्तापर्यंत तिला वाटत होतं की आपण नुसती आवाजावर इस्त्री फिरवतोय. दादाचा हात सुधारायचे दिवस आपण खातोय, हे आत्ता तिच्या ध्यानात आलं. वहिनीने तिचा हात सोडला नव्हता. त्या क्षणी बोलायला हवं होतं. छोटी म्हणाली, "व्यायाम सोडू नका म्हणावं. चांगला असतो." एवढंच. वहिनी गेल्यावर ती बाथरूममध्ये जाऊन तोंड धूत राहिली, आणि आरशात बघायचं तिने टाळलं.

सगळ्यावर कडी झाली ती गाण्याच्या बाईंमुळे. या बाई पंचवीस-तीस मुलींचं समूहगान बसवायच्या, त्यांचं रेकॉर्डिंग छोटीकडेच व्हायचं. गोष्टींमधला पियानो त्यांच्या कानावर पडला. "कोण हो हे? इतका समजून वाजवणारा माणूस मला वर्षभर मिळत नाहीये." वार्षिक कार्यक्रमाला रंगमंचावर मुलींच्या मागे पियानो हवा होता. छोटी काहीतरी पुटपुटणार तोच दादा दार ढकलून आत आला. बाईंनी विचारलं, दादाने हो म्हटलं. नाचाच्या शाळेतून घरी पाठवल्यापासून त्याला कुणी काही मागितलं नव्हतं. पहिली तालीम सोमवारी ठरली.

भरलेल्या सभागृहात दादाचा हात मागे पडणार, मुली अडखळणार, आणि का ते त्याला तिथे, सगळ्यांच्या देखत कळणार. त्या विचाराने छोटीची झोप उडाली. रविवारी तिने त्याला बोलावलं. ठरवलं होतं की आज काहीही हात लावायचा नाही. तो बाहेर येईल, आहे ते ऐकेल, मग आपण सगळं सांगू. पाया पडायची वेळ आली तर पाया पडू.

दादाने समूहगानाचं गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवलं. आता तो पूर्वीपेक्षा बिनधास्त वाजवत होता, त्यामुळे डावा हात पूर्वीपेक्षाही मागे पडत होता. गाणं संपलं. दादा उठला. पहिलं दार लागल्याचा आवाज आला, आणि छोटीने खाली पाहिलं तर तिची बोटं काम उरकून मांडीवर आलेली होती. स्क्रीनवर डाव्या हाताच्या कांड्या रेघांना टेकल्या होत्या. तिने ठरवलेलं तिच्या हातांना कुणी सांगितलंच नव्हतं.

"लाव," दादा खुर्चीत बसत म्हणाला.

"थांब," छोटी म्हणाली. तिने कंट्रोल आणि झेड दाबलं. कांड्या रेघा सोडून पुन्हा पलीकडे गेल्या. तिने गाणं लावलं.

दादाने पहिली ओळ ऐकली, दुसरी ऐकली. त्याच्या कपाळाला आठी पडली.

"हे पहिल्या दिवशीचं का?"

"आत्ताचं."

"आत्ता मी वाजवलं ते?"

"हो." छोटीने क्यू दाबला, तेच गाणं पुन्हा लावलं. मग थांबवलं. "आणि हे मी केलेलं."

दादाला समजावून सांगावं लागलं नाही. तो म्हणाला, "आणि गोष्टींमधलं?"

"सगळं."

"ससा पण?"

"दादा, पहिल्यांदा चुकून झालं. मग तू इतका..." आपल्या चुकीचं ओझं त्याच्या आनंदावर टाकायला निघालो, हे तिचं तिलाच ऐकू आलं. "मला शरम वाटते. रोज वाटत होती. तरी करत राहिले."

ती वाट बघत होती की तो ओरडेल, काठी आपटेल. लहानपणी तिने त्याची सायकल विहिरीच्या कठड्यावर आपटून वाकडी केली होती, तेव्हा त्याने तिला अख्ख्या गल्लीतून पळवलं होतं. आता तो नुसता बसून होता.

"कुणाकुणाला माहीत आहे?" त्याने विचारलं.

"लेकीला."

"मी तिला माझ्या बोटांबद्दल सांगत होतो तेव्हा तिला माहीत होतं?"

"हो."

"काही बोलली नाही पोरगी." त्याने डावा हात उजव्या हाताने उचलून मांडीवर ठेवला. "घरी येईल त्याला ऐकवत बसलो मी. दूधवाल्याला ऐकवलं." त्याला हसायचं होतं, पण ते जमलं नाही. मग तो म्हणाला, "बाईंना फोन लाव. सांग काहीतरी. गावाला जातोय म्हणावं, तब्येत बरी नाही म्हणावं. तुला जमतं ते."

ते शेवटचं वाक्य त्याने रागाने म्हटलं नव्हतं, म्हणूनच ते तिला थेट लागलं. तिने फोन लावला. बाई पलीकडे खुशीत होत्या. मुलींना सांगून ठेवलंय, सगळ्या वाट बघतायत, असं काय काय बोलत होत्या. छोटीच्या जिभेवर गाव आणि तब्येत दोन्ही तयार होतं. पण आता पुरे झालं, असं तिला वाटलं.

"बाई, दादाचा डावा हात अजून मागे पडतो," ती म्हणाली. "तुम्ही जे ऐकलंत ते मी कॉम्प्युटरवर सरळ केलेलं होतं. त्याला न सांगता. तो सोमवारी येऊ शकणार नाही."

दादाने झटकन वर पाहिलं. मग बाई बोलल्या तेव्हा आवाजातला ओलावा गेलेला होता. "म्हणजे ताई, आमच्या मुलींचं तुम्ही जे करून दिलंत, तेही असंच का? आम्ही ते स्पर्धेला पाठवलंय. तुमच्या शब्दावर."

"नाही, तुमचं तसं काहीच..." छोटी म्हणाली. पण नाही म्हणणाऱ्या बाईवर आता कुणी का विश्वास ठेवावा? खोलीत इतकं शांत होतं की बाईंचा शब्द न् शब्द दादापर्यंत पोचला होता. तो काठी न घेताच उठला, टेबलाला धरून दोन पावलं आला आणि त्याने तिच्या हातातून फोन काढून घेतला.

"नमस्कार, मी बोलतोय. तिच्या बोलण्यावर जाऊ नका. मीच तिला करायला लावलं ते." त्याचा आवाज अगदी नेहमीचा होता. "नाही, नाही. ती तयारच नव्हती. मी हट्टाला पेटलो, म्हटलं माझी लाज राख. आता मला वाचवायला स्वतःवर घेतेय. लहानपणापासूनची खोड आहे. तुमच्या मुलींचं काम एकदम चोख असणार, त्यात ती कधी लबाडी करायची नाही."

छोटीने त्याची बाही धरली, मान हलवून नको नको म्हणत राहिली. दादाने तिच्याकडे पाहिलं नाही. थोडं ऐकून, हो हो म्हणून, त्याने फोन तिच्यासमोर धरला. "तुझ्याशी बोलायचंय म्हणतात."

बाईंचा आवाज पुन्हा मऊ झाला होता. "ताई, माफ करा हं, मी भलतंच बोलून गेले. भावासाठी असं स्वतःवर घ्यायला फार मोठं मन लागतं. खरंच असंच झालं ना?"

दादा काचेकडे तोंड करून उभा होता. नाही म्हटलं तर तो खोटा पडणार होता.

"हो," छोटी म्हणाली.